जुने ३८६ यंत्र आणि आजचे नेटवर्क : एका वाचनालयातील प्रकरण

तालुक्याच्या एका गावातील सार्वजनिक वाचनालयाची संपूर्ण दाखल नोंदवही ३८६एसएक्स प्रोसेसरच्या एका संगणकावर, डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवण्याच्या प्रोग्राममध्ये ठेवलेली होती. यंत्रात ४ मेगाबाइट मेमरी, ४० मेगाबाइटची आयडीई हार्ड डिस्क, सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह, एमएस-डॉस ५.० आणि देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड होते. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले जिस्ट तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने देशभर पोहोचवले, आणि त्यामुळे केवळ इंग्रजीसाठी लिहिलेले डीबेस, लोटस यांसारखे प्रोग्राम, त्यांच्यात काहीही बदल न करता, मराठी नोंदी घेऊ लागले. या नोंदी इस्की संकेतावलीत साठवल्या जात; १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारल्या गेलेल्या या संकेतावलीत पहिली १२८ स्थाने इंग्रजीची आणि वरची स्थाने भारतीय लिपींची आहेत.

वाचनालयाने नवी ग्रंथालय प्रणाली घेतली होती. मात्र सुमारे १४ हजार पुस्तकांच्या नोंदी एकेक तपासून नव्या प्रणालीत जाईपर्यंत जुने यंत्र बंद करणे कार्यकारिणीला मान्य नव्हते, आणि ती भूमिका माझ्या मते योग्यच होती, कारण त्या नोंदींपैकी अनेकांचा कागदी मूळ दस्तऐवज पावसाच्या पाण्याने केव्हाच गेला होता. त्यामुळे मागणी एकदाच प्रत काढून देण्याची नव्हती. संध्याकाळी काम संपताना त्या दिवसाची स्थिती बाहेर यावी, ती इतर संगणकांना वाचता यावी आणि लिपिकाच्या नेहमीच्या कामात कोणताही बदल होऊ नये, अशी ती मागणी होती.

डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला जोडावी, ही सूचना सर्वांत आधी पुढे आली. आज बाजारात मिळणारे अडॅप्टर डिस्कमधील प्रत्येक कप्प्याला एक सलग क्रमांक असतो असे धरून चालतात. त्या काळातील लहान डिस्कना मात्र सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तिहेरी पत्त्याचीच भाषा कळते, त्यामुळे अडॅप्टरला अशी डिस्क एक तर दिसतच नाही किंवा शून्य क्षमतेची दिसते. शिवाय इतक्या वयाची डिस्क रोज काढणे-घालणे म्हणजे तिचे आयुष्य आपल्या हाताने कमी करणे. फ्लॉपी ड्राइव्हचे हेड निकामी झालेले होते, आणि ते सुधारले असते तरी सव्वापाच इंची चकत्या वाचणारे दुसरे यंत्र गावात नव्हते. सीरियल केबलने फायली नेता आल्या असत्या. पण सेकंदाला ११५२०० बिट हा पूर्ण वेग मिळाला तरी त्यातून साधारण ११ किलोबाइट जातात, म्हणजे भरलेली डिस्क नेण्यास तासभर लागतो. एकदाच्या प्रतीसाठी हा मार्ग मी निःशंकपणे सुचवला असता. रोजच्या कामासाठी मात्र नेटवर्क कार्ड हाच सरळ उपाय होता, कारण मदरबोर्डवर १६ बिटांचा एक आयएसए स्लॉट रिकामा होता आणि तो स्लॉट ज्या कार्डांसाठी बनवला गेला ती कार्डे आजही भंगारात सापडतात.

कार्डाची निवड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग विकणाऱ्या एकाकडे दोन कार्डे मिळाली. पहिले वेस्टर्न डिजिटल घराण्याचे होते. ही कार्डे गुणवत्तेने उत्तम असतात, परंतु त्यांची रचना अशी असते की कार्डावरील मेमरीचा एक तुकडा संगणकाच्या ६४० किलोबाइटच्या वरच्या पत्त्यांमध्ये, बहुधा डी००० या विभागात, मांडावा लागतो आणि ईएमएम३८६ हा वरची मेमरी सांभाळणारा प्रोग्राम वापरात असेल तर तेवढी जागा त्याला स्पष्टपणे सोडायला सांगावी लागते. जिस्ट कार्डाची पुस्तिका वाचनालयात उरलेली नव्हती. ज्या यंत्रातील एका कार्डाने वरच्या मेमरीत काय व्यापले आहे याचा कागद हाताशी नाही, तिथे त्याच वस्तीत जागा मागणारे दुसरे कार्ड घालणे शहाणपणाचे ठरत नाही.

दुसरे कार्ड एनई२००० सुसंगत होते, रियलटेकच्या आरटीएल८०१९एएस या एकाच चिपवर बेतलेले. नॉव्हेलने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या नेटवेअर या नेटवर्क प्रणालीचा प्रसार व्हावा म्हणून स्वस्त इथरनेट कार्डे आणली, त्यांचा आराखडा नॅशनल सेमीकंडक्टरच्या डीपी८३९० या चिपभोवती होता, आणि पुढे तैवानच्या कारखान्यांनी त्याच्या इतक्या प्रती काढल्या की एनई२००० हे एका वस्तूचे नाव न राहता एक जात झाली. वेगाच्या दृष्टीने ही जात सामान्यच आहे, कारण प्रोसेसरला प्रत्येक शब्द स्वतः उचलून न्यावा लागतो. मात्र ती मेमरीत जागा मागत नाही. इनपुट-आउटपुटचे ३२ पत्ते आणि एक आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याची रेषा, एवढ्यावर तिचे भागते. आमच्या दृष्टीने हा गुण वेगापेक्षा मोलाचा होता.

कार्ड बसवण्याआधी मदरबोर्डवरील निकेल-कॅडमियमची बॅटरी काढून टाकणे आवश्यक होते. त्या काळातील बहुतेक बोर्डांवर ही नळकांड्यासारखी बॅटरी असते, ती कालांतराने पाझरते आणि तिच्यातील क्षार तांब्याच्या रेषा खातो. इथे हिरवट थर नुकताच धरू लागला होता. जागा स्वच्छ करून बाहेरच्या जोडणीवर सेलचा डबा लावला, कार्डाचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, आणि मगच यंत्र पुन्हा सुरू केले.

प्रोग्राम आत कसे न्यावेत

कार्ड बसले तरी त्याला चालवणारा प्रोग्राम यंत्रात नव्हता, आणि तो आत नेण्याचा नेहमीचा दरवाजा म्हणजे फ्लॉपी बंद होता. एमएस-डॉस ६ सोबत येणाऱ्या इंटरसर्व्हर या प्रोग्राममध्ये नेमक्या याच अडचणीसाठी एक सोय आहे, जी फारशी कोणाच्या स्मरणात नाही. समोरच्या यंत्रावर काहीही नसले तरी चालते. तिथे मोड या आज्ञेने सीरियल पोर्टचा वेग ठरवायचा आणि सीटीटीवाय या आज्ञेने यंत्राचे नियंत्रण कळफलकाऐवजी त्या पोर्टकडे सोपवायचे. त्यानंतर इंटरसर्व्हर स्वतःची आणि इंटरलिंक या आपल्या जोडीदार प्रोग्रामची प्रत केबलमधून पलीकडे लिहून टाकतो. सीरियल पोर्ट असलेला एक जुना लॅपटॉप डॉस ६.२२ वर सुरू करून हे काम झाले. पहिल्या सीरियल पोर्टचा जोड सैल असल्याने केबल दुसऱ्या पोर्टला लावली होती, आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. या मार्गाने कार्डाची मांडणी बदलणारा रियलटेकचा प्रोग्राम, एनई२००० चा पॅकेट ड्रायव्हर, फायली एकत्र बांधणारा पीकेझिप आणि एमटीसीपी हा नेटवर्क प्रोग्रामांचा संच यंत्रात पोहोचला.

पॅकेट ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि नेटवर्क प्रोग्राम यांच्यामधील ठरलेला दुवा. १९८० च्या दशकात एफटीपी सॉफ्टवेअर या कंपनीने त्याचा करार प्रसिद्ध केला, त्यामुळे कार्ड कोणत्याही कंपनीचे असले तरी वरच्या प्रोग्रामला ते एकाच पद्धतीने दिसते. एमटीसीपी हा मायकेल ब्रुटमन यांनी लिहिलेला आणि आजही जोपासला जाणारा संच त्याच करारावर उभा आहे, आणि तो अगदी ८०८८ प्रोसेसरच्या यंत्रावरही चालतो. डॉससाठी याहून अधिक काळजीने लिहिलेले नेटवर्कचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

पत्त्यांचा प्रश्न

रियलटेकचे कार्ड दोन प्रकारे चालू शकते : मांडणी यंत्रानेच ठरवण्याच्या प्लग अँड प्ले पद्धतीने किंवा कार्डावरील लहानशा स्मृतिचिपमध्ये लिहिलेल्या कायम मांडणीने. या यंत्राचे बायोस प्लग अँड प्लेच्या आधीचे, त्यामुळे पहिला प्रकार बंद करून दुसरा निवडणे क्रमप्राप्त होते. कार्डावर आधीची मांडणी ३०० हा पत्ता (षोडशमान पद्धतीत) आणि आयआरक्यू ३ अशी आढळली, जी एनई२००० ची जन्मजात मांडणी आहे. याच मांडणीवर पहिली चाचणी घेतली तेव्हा पॅकेट ड्रायव्हर विनातक्रार चढला आणि त्याने कार्डाचा हार्डवेअर पत्ताही बरोबर वाचून दाखवला, परंतु नेटवर्ककडे आपला पत्ता मागणाऱ्या डीएचसीपी प्रोग्रामला उत्तर म्हणून एकही पॅकेट मिळाले नाही.

हे लक्षण जुन्या कार्डांवर काम करणाऱ्याने नीट समजून घ्यावे असे आहे. हार्डवेअर पत्ता वाचणे आणि पॅकेट पाठवणे ही कामे प्रोसेसर स्वतःहून करतो, त्यांसाठी फक्त इनपुट-आउटपुटचा पत्ता बरोबर असावा लागतो; आलेले पॅकेट उचलण्यासाठी मात्र कार्डाने आयआरक्यूद्वारे प्रोसेसरला हाक मारावी लागते. म्हणून पत्ता बरोबर आणि आयआरक्यू चुकीचा असेल तर यंत्र बोलू शकते, पण त्याला ऐकू येत नाही. इथे आयआरक्यू ३ वर दुसऱ्या सीरियल पोर्टचा हक्क होता. तो पोर्ट नुसता पडून असता तर कदाचित निभावले असते, कारण वापरात नसलेला सीरियल पोर्ट ती रेषा सोडून देतो; परंतु प्रोग्राम आत आणण्यासाठी बसवलेला इंटरलिंक अजून चालू होता आणि त्याने तोच पोर्ट धरून ठेवला होता. आयएसए बसवर दोन साधनांना एक आयआरक्यू वाटून घेता येत नाही. इंटरलिंक काढून टाकल्यावर ३ या क्रमांकावरही काम चालले असते, तरी भविष्यात कोणी पुन्हा सीरियल केबल लावील ही शक्यता धरून आयआरक्यू १० निवडला, जो फक्त १६ बिटांच्या स्लॉटमध्ये मिळतो आणि या यंत्रात मोकळा होता.

इनपुट-आउटपुटच्या पत्त्याबाबतही ३०० वर राहणे मला प्रशस्त वाटले नाही. मूळ आयबीएम पीसीच्या नकाशात ३०० पासूनचे ३२ पत्ते प्रायोगिक कार्डांसाठी राखलेले होते, आणि साहजिकच ज्या ज्या कारखान्याने वेगळ्या कामाचे कार्ड बनवले त्याला तीच जागा सोयीची वाटली. मांडणीच्या प्रोग्राममध्ये ३६० हाही पर्याय दिसतो आणि तो निरुपद्रवी वाटतो. तिथे थांबणे आवश्यक आहे. कार्डाला ३२ पत्ते लागतात, म्हणजे ३६० पासून सुरू केले तर ते ३७एफ पर्यंत जाते, आणि पहिल्या प्रिंटर पोर्टचा ३७८ हा पत्ता त्याच्या पोटात येतो. वाचनालयात तालिकापत्रे अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली जात होती, तेव्हा या निवडीने नेटवर्क मिळाले असते आणि छपाई बिघडली असती, तीही अशी की दोषाचा संबंध कार्डाशी जोडणे कोणाला सुचले नसते. ३सी० हा पर्याय तर थेट पडदा चालवणाऱ्या व्हीजीएच्या रजिस्टरांवर बसतो.

नेटवर्क कार्ड बाहेर काढून, डॉसच्या डीबग या प्रोग्रामने मोकळ्या वाटणाऱ्या पत्त्यांवरून एकेक बाइट वाचून पाहिले. ज्या पत्त्यावर कोणीही नसते तिथून साधारणपणे एफएफ हे मूल्य येते. ही परीक्षा निर्णायक नसते, कारण काही कार्डे फक्त लिहिल्यावर प्रतिसाद देतात; म्हणून ३४० पासूनचा पट्टा रिकामा दिसल्यावर कार्ड तिथे ठेवून जिस्टमध्ये मराठी नोंद टाकणे, शोधणे आणि छापणे या तिन्ही क्रिया नेटवर्क चालू असताना करून पाहिल्या. मायक्रोसॉफ्टच्या एमएसडी या निदान प्रोग्रामवर विसंबण्याची अनेकांना सवय असते, पण त्याला माहीत असलेल्याच साधनांची तो नोंद देतो, आणि अशा प्रकरणांत अडचण नेमकी त्याला माहीत नसलेल्या साधनाची असते.

दिवा का लागेना

कार्डावर दोन जोड होते : आजच्या केबलचा आरजे४५ आणि पातळ कोॲक्सियल केबलचा गोल बीएनसी. पातळ कोॲक्सियलच्या काळात सर्व संगणक एकाच तारेवर टी आकाराच्या जोडांनी लटकत, तारेच्या दोन्ही टोकांना ५० ओमचे टर्मिनेटर लागत आणि एका तुकड्याची लांबी १८५ मीटरपर्यंतच चाले. हे कार्ड पूर्वी अशाच एखाद्या कार्यालयात राबले असावे, कारण त्याच्या स्मृतिचिपमध्ये माध्यम म्हणून बीएनसी कायम केलेले होते. ते बदलून आरजे४५ केले. तरीही वाचनालयाच्या स्विचला जोडल्यावर दोन्ही बाजूंचे दिवे विझलेलेच राहिले.

१९९० मध्ये प्रमाणित झालेल्या १०बेस-टी पद्धतीत कार्ड निष्क्रिय असतानाही साधारण दर १६ मिलिसेकंदांनी एक छोटा स्पंद पाठवून आपण जिवंत असल्याचे कळवते. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचे इथरनेट आले तेव्हा या एकट्या स्पंदाऐवजी स्पंदांचा एक झुपका पाठवून त्यात आपापल्या क्षमता सांगण्याची रीत सुरू झाली. नवे साधन समोरून फक्त एकटे स्पंद येत असल्याचे पाहते, तेव्हा ते समोरच्याला १० मेगाबिट, हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने वाहतूक) असे धरून चालते, आणि म्हणूनच ऐन तिशीतले कार्ड बहुतेक गिगाबिट स्विचवर बिनदिक्कत चालते. पण वाचनालयाने जुने अंक स्कॅन करण्याच्या कामासाठी घेतलेल्या नव्या स्विचचे सर्व पोर्ट २.५ गिगाबिटचे होते, आणि या पिढीतील अनेक स्विचमधून १० मेगाबिटचा वेग वगळलेला असतो. माहितीपत्रकात १००, १००० आणि २५०० एवढेच आकडे होते. कार्डाचा दोष नव्हता, केबलचाही नव्हता. त्या स्विचला ती बोलीच येत नव्हती.

यावर प्रचलित उपाय म्हणजे मध्ये १०/१०० चा एखादा जुना स्विच टाकणे. तो अडगळीत मिळालाही असता. परंतु या टप्प्यावर मूळ प्रश्नाकडे पुन्हा पाहणे मला आवश्यक वाटले : हे यंत्र वाचनालयाच्या संपूर्ण नेटवर्कमध्ये का आणायचे? डॉसमध्ये वापरकर्ता ही संकल्पनाच नाही, फायली नेण्याच्या एफटीपी पद्धतीत पासवर्ड तारेवरून उघडा जातो, आणि समोरच्या बाजूनेही जुन्या यंत्रांकडे पाठ फिरवलेली आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने फायली वाटून घेण्याच्या एसएमबी पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीतील भोकातून जगभर संचार केला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून ही जुनी एसएमबी सहसा मुळात बसवलेलीच नसते. केवळ एका ३८६ साठी ती सगळीकडे पुन्हा चालू करणे, म्हणजे एका खोलीच्या सोयीसाठी इमारतीची कुलपे काढणे. वेब पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. वेबवरील संपर्क गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, आणि त्यांच्या पुढच्या आवृत्त्यांचे गणित या प्रोसेसरवर व्यवहारात परवडण्यासारखे नाही.

म्हणून जुन्या यंत्राला एकच शेजारी द्यायचा, असे ठरले. एक रास्पबेरी पाय (पुढे नुसते ‘पाय’) हा छोटा संगणक घेतला, त्याचा इथरनेट पोर्ट केबलने थेट ३८६ च्या कार्डाला जोडला आणि वाचनालयाच्या नेटवर्ककडे तो वायफायने जोडला. दोन्ही बाजूंमध्ये पॅकेट पुढे सोडण्याची सोय बंदच ठेवली. दोन जुनी कार्डे समोरासमोर जोडायची तर तारा उलटवलेली केबल लागते, परंतु आजचे पोर्ट ती अदलाबदल स्वतः करतात. केबल लावताच दिवा लागला, आणि पायच्या बाजूने वेग १० मेगाबिट, हाफ डुप्लेक्स असाच दिसला. तो तसाच राहू द्यावा. हौसेने एका बाजूला फुल डुप्लेक्स लादले तर जोडणी तुटत नाही, पण मोठी फाइल जाताना पॅकेटांच्या टकरी होऊन वेग रसातळाला जातो, आणि कारण लवकर सापडत नाही.

रोजचे काम

लिपिकाने डीबेस बंद केल्यावर एक बॅच फाइल चालवायची, एवढाच बदल त्याच्या वाट्याला आला. ती फाइल पीकेझिपने सर्व डेटाबेस एका संचात बांधते आणि एमटीसीपीमधील एफटीपी सर्व्हर सुरू करते; पाय तो संच खेचून घेतो, त्याची सीआरसी (फाइल बिघडली नाही ना हे सांगणारा आकडा) तपासतो आणि तारखेच्या नावाने ठेवतो. खेचण्याचे काम पायकडे ठेवण्याचे कारण असे की त्यामुळे वेळापत्रक, अपयशाची नोंद आणि पुन्हा प्रयत्न ही सर्व बुद्धी आजच्या यंत्रात राहते, आणि डॉसच्या बाजूला जितके कमी लिहिले तितके ते अधिक काळ टिकते.

फायली सुट्या न नेता झिपमध्ये बांधण्याचा आग्रह दोन कारणांसाठी होता. एफटीपीने फाइल नेली की तिची मूळ तारीख सहसा हरवते, आणि इथे कोणत्या फायलीत शेवटचा बदल केव्हा झाला हीच माहिती पडताळणीत उपयोगी पडणार होती; झिप ती तारीख आत जपून ठेवते. दुसरे, इस्कीतील प्रत्येक अक्षर आठही बिट वापरते, आणि मजकूर म्हणून पाठवलेल्या फायलीत वाटेत कोणी ओळींच्या शेवटाची चिन्हे बदलली तर ठरावीक लांबीच्या रकान्यांवर उभी असलेली डीबेसची फाइल सरकते. मात्र संच दाबून लहान करण्याचा मोह टाळला. डीबेसच्या फायली मोकळ्या जागांनी भरलेल्या असल्याने त्या छान दबतात हे खरे, पण ३८६एसएक्सला ते दाबण्यास लागणारा वेळ ते न दाबता पाठवण्याच्या वेळेपेक्षा जास्त निघाला. एमटीसीपी मुळात एका पॅकेटला ५७६ बाइटची सावध मर्यादा धरून चालते. स्थानिक तारेवर ती १५०० केल्यावर वेग सेकंदाला दीडशे किलोबाइटच्या आसपास स्थिरावला. १० मेगाबिटची तार सव्वा मेगाबाइट वाहू शकते, तेव्हा हा आकडा तिच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास आहे. पण मर्यादा तारेची नसून प्रोसेसर आणि डिस्कची आहे, आणि सहा मेगाबाइटचा संच पाऊण मिनिटात पलीकडे जात असेल तर त्यावर अधिक खटपट करण्यात अर्थ नाही.

घड्याळाचा प्रश्न यातच सुटला. यंत्र सुरू होताना एमटीसीपीमधील एसएनटीपी प्रोग्राम पायकडून वेळ घेतो. त्यासाठी वेळक्षेत्र आयएसटी उणे ५:३० असे लिहावे लागते, आणि ते पाहून प्रत्येक जण अधिक-उणेची गफलत झाली आहे असे समजून ते दुरुस्त करू पाहतो. युनिक्सच्या परंपरेत हे चिन्ह उलटेच असते, म्हणून त्या ओळीच्या वर मराठीत एक टीप लिहून ठेवली आहे. रोमन लिपीत, कारण जिस्ट सुरू होण्याआधी देवनागरी दिसत नाही.

इस्कीचे युनिकोड या आजच्या संकेतावलीत रूपांतर पायवरच होते. आयसीयू या ग्रंथसंचात इस्कीची देवनागरी वाचण्याची सोय आहे, आणि युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरूनच आखलेला असल्याने बहुतेक अक्षरे सरळ जागेवर बसतात. रकाने आधी वेगळे करून मग प्रत्येक रकाना रूपांतरित करणे एवढे पथ्य पाळले, कारण युनिकोडमध्ये मजकुराची बाइटसंख्या वाढते आणि संपूर्ण फाइल एकदम बदलली तर तिची रचनाच मोडते.

उरलेली जोखीम डिस्कची आहे. कार्डाबद्दल मला तितकी चिंता नाही. तरी त्याच चिपचे दुसरे कार्ड घेऊन त्याच्या स्मृतिचिपमध्ये तीच मांडणी लिहून ठेवली आहे, म्हणजे ते बदलायला डीबगची किंवा माझी गरज पडणार नाही. ३४०, आयआरक्यू १०, आरजे४५, प्लग अँड प्ले बंद, हे चार तपशील कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत, आणि त्याच कागदावर ३६० हा पत्ता का घेऊ नये तेही एका ओळीत लिहिले आहे.